चाळीस मिनिटांचे रसग्रहण : वर्गात बोलणारी मुले कागदावर गप्प का होतात?

समासटीप

मी साहित्य शिकवतो आणि बरेच महिने एकाच ठिकाणी अडलो आहे, म्हणून हा धागा काढत आहे. माझ्या वर्गातली मुले कवितेवर किंवा कथेतल्या उताऱ्यावर तोंडी चर्चा फार चांगली करतात. एखाद्या शब्दावरून हमरीतुमरीवर येतात, एकमेकांचे म्हणणे खोडून काढतात आणि कधी कधी मला न सुचलेला अर्थ माझ्यापुढे ठेवतात. त्याच मुलांना न शिकवलेली कविता देऊन चाळीस मिनिटे लावली, की उत्तरपत्रिकेत कवितेचे गद्य रूपांतर उतरते, त्यात मधूनमधून अलंकारांची नावे टाचलेली असतात आणि शेवटी 'अशा प्रकारे कवीने आपल्या भावना प्रभावीपणे मांडल्या आहेत' हे वाक्य येते. ते मी इतक्या वेळा वाचले आहे, की आता ते डोळ्यांना दिसण्याआधीच कानांवर पडते.

यावर मी केलेला उपाय सांगतो, कारण बहुधा तोच चुकला असावा. दर आठवड्याला घड्याळ लावून एक पूर्ण निबंध लिहून घेतला, प्रत्येक निबंध तपासला, समासात टिपा लिहिल्या आणि गुण दिले. एका सत्रानंतर फरक एवढाच पडला, की जो निबंध मुले चाळीस मिनिटांत लिहीत होती तोच आता तीस मिनिटांत लिहितात. उरलेल्या दहा मिनिटांत ती समास आखतात.

वेळ लावून लिहायच्या रसग्रहणाचा सराव तुम्ही कसा घेता, आणि त्यातले काय खरोखर उपयोगी पडले, हे कृपया सविस्तर लिहावे.

जुनी पुरवणी

मी शिकवण्यापेक्षा तपासण्याचे काम अधिक केले आहे, त्यामुळे तपासणाऱ्याच्या बाजूने सांगतो. तुमच्याकडे आत्ता असतील त्या गठ्ठ्यातल्या चार-पाच उत्तरपत्रिका काढा आणि प्रत्येकीचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचा. माझा अनुभव असा, की निबंधातले सर्वांत चांगले वाक्य पुष्कळदा तिथे असते. पानभर लिहून झाल्यावर, वेळ संपत आल्यावर मुलाला कवितेत काय चालले आहे हे पहिल्यांदा दिसते, ते तो घाईघाईने एका वाक्यात लिहितो आणि घंटा होते. निबंध जिथे सुरू व्हायला हवा होता तिथे संपतो.

वर्गातल्या चर्चेत हे घडत नाही, याचे कारण तिथे मूल बोलायला उठते तेव्हा दहा-पंधरा मिनिटे इतरांचे ऐकून झालेले असते, मनातल्या मनात दोन मते टाकून झालेली असतात. परीक्षेत तो वेळ त्याला कोणी देत नाही, म्हणून तो स्वतःच स्वतःला द्यावा लागतो. पण शेजारच्या बाकावर पेन चालू लागले, की रिकाम्या कागदासमोर बसून विचार करणे हा गुन्हा वाटू लागतो. म्हणून तुमच्या सरावात माझ्या मते चूक ही होती, की तुम्ही लिहिण्याचा सराव दिला आणि न लिहिण्याचा दिलाच नाही.

महिनाभर पूर्ण निबंध बंद करा. त्याऐवजी एक कविता, दहा मिनिटे आणि शेवटी एकच वाक्य, एवढेच मागा. त्या वाक्याला दोन कसोट्या लावा. दुसऱ्या एखाद्या समंजस वाचकाला त्याच्याशी असहमत होता आले पाहिजे, आणि ते वाक्य उचलून दुसऱ्या कवितेला चिकटवता येता कामा नये. 'कवितेत मानवी भावनांचे सुंदर चित्रण आहे' हे वाक्य दोन्ही कसोट्यांवर पडते, कारण त्याच्याशी कोणीच भांडणार नाही आणि ते जगातल्या निम्म्या कवितांना चालेल.

वेळेची विभागणी परीक्षेप्रमाणे बदलते. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी असलेल्या महाविद्यालयीन पातळीच्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत तीन निबंधांना मिळून १२० मिनिटे असतात. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या साहित्याच्या पहिल्या पेपरला प्रमाण स्तरावर एका उताऱ्यासाठी सव्वा तास मिळतो. फ्रान्समध्ये बाकालोरिया या शालान्त परीक्षेतल्या फ्रेंचच्या लेखी परीक्षेला चार तास असतात. वेळ कितीही असो, मी त्यातला साधारण चौथा हिस्सा वाचन आणि निर्णय यांना द्यायला सांगतो. तुमच्या चाळीस मिनिटांत तो दहा मिनिटांचा होतो. शेवटची पाच मिनिटे मागे जाऊन वाचण्यासाठी राखली, तरी लिहायला पंचवीस मिनिटे उरतात, आणि काय म्हणायचे हे ठरलेले असेल तर पंचवीस मिनिटे पुरतात.

समासटीप

शेवटच्या परिच्छेदाबद्दलचे तुमचे म्हणणे वाचून लगेच गठ्ठा काढला. पहिल्या तीन उत्तरपत्रिकांत ते तंतोतंत खरे निघाले, चौथीत शेवटचा परिच्छेदच नव्हता.

चर्चा हवेत राहू नये म्हणून गेल्या आठवड्यात दिलेल्या ओळी येथे देतो. कवी कोण हे मुलांना कळू नये म्हणून त्या मीच जुळवल्या होत्या, तेव्हा काव्यगुणांबद्दल मला माफ करावे.

आजोबांचं घड्याळ बंद पडून वर्षं झाली,
आई रोज सकाळी त्याची काच पुसते.
किल्ली मात्र देत नाही.
वेळ विचारली, की खिडकीबाहेर बघून सांगते :
"अजून उजेड आहे."

आणि हा एका विद्यार्थिनीचा पहिला परिच्छेद, तिच्या परवानगीने. 'प्रस्तुत कवितेत कवीने आईचे आपल्या वडिलांवरील प्रेम अतिशय सुंदर शब्दांत व्यक्त केले आहे. घड्याळ हे काळाचे प्रतीक आहे. आजोबांचे घड्याळ बंद पडले आहे, तरी आई रोज त्याची काच पुसते. यातून तिचे प्रेम दिसते. कवीने प्रतीक, विरोधाभास व संवाद यांचा प्रभावी वापर केला आहे.'

ही मुलगी वर्गातल्या सर्वांत चौकस मुलींपैकी एक आहे. तिला काय सांगावे?

व्यंजना

सर्वांत आधी तिला हे विचारावे, की आजोबा आईचे वडील आहेत हे तिला कोणी सांगितले. कवितेत फक्त 'आजोबांचं' आहे. ते आईचे सासरेही असू शकतात, आणि तसे असतील तर रोज काच पुसणे पण किल्ली न देणे या जोडीचा अर्थ बराच बदलतो. त्यात प्रेमाखेरीज कर्तव्य, शिस्त, कदाचित थोडी सुटकाही शिरते. मी हे तिची चूक काढण्यासाठी म्हणत नाही. तिने घाईत एक रिकामी जागा भरली, आणि कविता नेमकी त्या रिकाम्या जागेत श्वास घेत होती.

अशी जागा भरून टाकण्याची सवय जुनी आहे. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता वाटल्या, त्यांच्यावर लिहून आणायला सांगितले आणि त्या लेखनाचे विश्लेषण १९२९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. वाचकांच्या अडचणींत त्यांनी दोन गोष्टी ठळकपणे नोंदवल्या : कवितेचा साधा शब्दार्थच हुकणे, आणि कवितेने काही म्हणण्याआधीच मनात तयार असलेली ठरावीक प्रतिक्रिया तिच्यावर लादणे. त्या विद्यार्थ्यांना चाळीस मिनिटे नव्हे, आठवडाभर वेळ होता. तेव्हा दोष सगळा घड्याळाच्या माथी मारता येत नाही.

आता या पाच ओळी कशा वाचाव्यात ते सांगते. आपल्या काव्यशास्त्रातल्या अभिधा (सरळ शब्दार्थ), लक्षणा (शब्दार्थ अडल्यावर घ्यावा लागणारा जवळचा अर्थ) आणि व्यंजना (सुचवलेला अर्थ) या तीन शब्दशक्ती मी मुलांना व्याख्या म्हणून न देता वाचनाच्या तीन फेऱ्या म्हणून देते. पहिल्या फेरीत फक्त काय घडते ते पाहायचे : कोण, काय करते, काय करत नाही, आणि काय सांगितलेले नाही. दुसऱ्या फेरीत आपण कुठे अडखळलो ते शोधायचे. 'गंगेवर वस्ती' या पाठ्यपुस्तकी उदाहरणात पाण्याच्या प्रवाहावर घरे असू शकत नाहीत, हा मुख्यार्थाला आलेला अडथळाच वाचकाला थांबवतो आणि तीराकडे नेतो. येथे अडखळण्याची जागा शेवटची ओळ आहे, कारण वेळ विचारल्यावर 'अजून उजेड आहे' हे उत्तर ठरत नाही. शास्त्राच्या काटेकोर भाषेत ही लक्षणा म्हणता येणार नाही, कारण वाक्याचा शब्दार्थ सरळ लागतो आणि जे सुचते ते व्यंजनेने सुचते. परंतु परीक्षेत बसलेल्या मुलाला 'मी कुठे अडखळलो' एवढा प्रश्न पुरतो. तिसऱ्या फेरीत त्या अडखळण्यामागे काय सुचवले आहे ते पाहायचे.

असे वाचले, की क्रियापदे दिसू लागतात. 'बंद पडून' ही आपोआप घडलेली गोष्ट आहे, 'पुसते' ही केलेली कृती आहे आणि 'देत नाही' हा घेतलेला निर्णय आहे. तो निर्णय एका छोट्या ओळीत, 'आई' हा शब्द न उच्चारता, 'मात्र' या एका अव्ययाच्या आधाराने येतो. घड्याळ बिघडले आहे की कोणी किल्ली दिली नाही म्हणून थांबले आहे, हे कविता सांगत नाही. आणि 'अजून' हा शब्द पाहा : उजेड आहे असे सांगताना तो अंधार येणार असल्याचेही सांगून जातो. परिच्छेदात 'विरोधाभास' हा शब्द आहे, पण विरोध कशाकशात आहे ते नाही. 'मात्र' या शब्दाकडे बोट दाखवले असते तर अलंकाराचे नाव घेण्याची गरजच उरली नसती.

जुनी पुरवणी

सासऱ्यांचा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता, हे कबूल करतो.

या वाचनातून त्या मुलीचे मध्यवर्ती विधान काहीसे असे होऊ शकेल : 'आई घड्याळ जपते, पण ते पुन्हा चालू होऊ देत नाही, कवितेतला ताण या दोन कृतींच्या मध्ये आहे आणि शेवटची ओळ तो सोडवत नाही, केवळ संध्याकाळपर्यंत लांबवते.' याच्याशी कोणी असहमत होऊ शकेल, आणि हे दुसऱ्या कवितेला चिकटणार नाही. शिवाय या वाक्यातच निबंधाचा आराखडा आहे. पहिल्या परिच्छेदात जपणे येईल, दुसऱ्यात किल्ली न देणे आणि तिसऱ्यात उजेड. आराखडा वेगळा काढण्याची गरज पडत नाही, यात वेळही वाचतो.

शेवटचा बाक

मी विद्यार्थी आहे, त्यामुळे येथे लिहावे की नाही असा विचार करत होतो. सरांचे आणि मॅडमचे म्हणणे मला पटते, पण एक अडचण तुम्हा कोणाच्याच लिखाणात आलेली नाही. तुम्ही म्हणता, आधी दहा मिनिटे विचार करा आणि मग लिहा. त्या दहा मिनिटांत काही सुचलेच नाही तर? तसे माझ्या बाबतीत दोनदा झाले आहे. दहाव्या मिनिटाला हातात काही नव्हते, पंधराव्या मिनिटालाही नव्हते, आणि मग जे लिहिले ते सारांशापेक्षाही वाईट होते, कारण हातही थरथरत होता. गद्य रूपांतर लिहिणारी मुले मूर्ख नसतात. पान भरते आहे एवढाच त्या वेळी आधार असतो.

दुसरे असे, की अलंकाराचे नाव लिहिले नाही तर गुण जातील अशी भीती असते. शिक्षक वर्गात सांगतात की नावे महत्त्वाची नाहीत, पण उत्तर तपासताना नावाखाली रेघ मारतात.

जुनी पुरवणी

तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. 'न लिहिण्याचा सराव' हा शब्दप्रयोग मी जरा दिमाखात केला होता, तो या ठिकाणी अपुरा पडतो.

ती दहा मिनिटे नुसते बघत बसण्यासाठी नसतात, पेन त्या वेळीही चालू असावे. फक्त ते प्रश्नपत्रिकेवर किंवा कच्च्या कामाच्या जागेवर चालावे. काही सुचत नसेल तर मुलाने स्वतःला मते विचारू नयेत, मोजता येण्यासारख्या गोष्टी विचाराव्यात. सर्वांत लहान ओळ कोणती, कोणता शब्द पुन्हा येतो, पहिल्या आणि शेवटच्या ओळीत काय बदलले, बोलणारा कोणाशी बोलतो, कुठे 'पण', 'मात्र', 'तरी', 'अजून' असे शब्द आले आहेत. या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी प्रतिभा लागत नाही, नुसते डोळे लागतात. त्यातली दोन निरीक्षणे शेजारी ठेवली, की बहुतेक वेळा विधान तयार होते. कवितेतल्या वळणाचा शब्द सापडला तर निम्मे काम झाले, असे मी मुलांना सांगतो, आणि ते अतिशयोक्तीने सांगत नाही.

तरीही दहाव्या मिनिटाला विधान नसेल, तर एक कच्चे विधान लिहून पुढे जावे : 'ही कविता पहिल्या ओळीत अमुक सांगते आणि शेवटी तमुक सांगते.' वरच्या पाच-सहा ओळी सोडून ठेवाव्यात आणि शेवटच्या पाच मिनिटांत तिथे परत यावे. जे शेवटी सुचले ते तिथे लिहावे. लिहिता लिहिता विचार सापडणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण तो सापडल्यावर त्याला वर आणून बसवायची जागा आधीच राखलेली असावी.

अलंकारांच्या नावांबद्दल व्यंजना यांनी लिहावे.

व्यंजना

रेघ मारण्याचा आरोप माझ्यावरही लागू आहे.

नाव माहीत असावे, कारण त्यामुळे एक लांब वर्णन एका शब्दात आटोपते. पण नावाला स्वतःचे गुण नसावेत. वर ज्या अमेरिकी परीक्षेचा उल्लेख आला, तिथे प्रत्येक निबंधाला सहा गुण असतात : एक मध्यवर्ती विधानाला, चार आधार आणि विवेचन यांना, आणि एक समज किती खोल आहे याला. त्या मापात साहित्यिक तंत्राची चर्चा आहे, पण ती विवेचनाच्या चार गुणांच्या पोटात आहे, आणि तीही तंत्राने अर्थ कसा घडवला हे दाखवले तरच. कुठल्याही परीक्षेत गुणांची वाटणी मुलांना आधीच दाखवावी आणि तिच्यावरून त्यांनाच दोन उत्तरे तपासायला लावावीत, म्हणजे भीती कुठे खरी आहे आणि कुठे ऐकीव आहे ते त्यांना कळते.

मी एक गोष्ट मात्र कटाक्षाने करते. 'कवीने अमुक अलंकाराचा वापर केला आहे' हे वाक्यच वर्गात बंद केले आहे. त्याऐवजी कवितेतला शब्द हाच वाक्याचा कर्ता करायचा. 'मात्र हा शब्द आईच्या मायेला एक कुंपण घालतो.' 'अजून हा शब्द उजेडाची मुदत सांगतो.' शब्द कर्ता झाला, की त्याला क्रियापद द्यावे लागते, आणि क्रियापद शोधताना विवेचन आपोआप करावे लागते. मुले सुरुवातीला कुरकुरतात, कारण 'वापर केला आहे' इतके आरामशीर क्रियापद दुसरे नाही.

परांची

येथे बहुतेकांनी साच्यांच्या विरोधात बोलायचे ठरवलेले दिसते, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. मी ज्या मुलांना शिकवतो त्यांतल्या अनेकांना ही भाषा घरात मिळालेली नाही. त्यांना 'तुमचे वाचन सांगा' असे म्हटले, की ती अवघडून बसतात, आणि 'विधान, ओळ, त्या ओळीतला शब्द, त्या शब्दाने काय केले, ते विधानाशी कसे जुळते' असा पाच पायऱ्यांचा परिच्छेद दिला, की लिहू लागतात. इमारत उभी राहीपर्यंत परांची बांधावीच लागते. ज्यांना साच्याची गरज नाही अशांनी साचे वाईट ठरवणे सोपे असते.

व्यंजना

परांचीला माझा विरोध नाही, ती न उतरवण्याला आहे. तुमच्या पाच पायऱ्यांतली चौथी पायरी, म्हणजे शब्दाने काय केले, ही एकटीच विवेचनाची आहे. बाकीच्या चार मांडणीच्या आहेत. मुले पाचही पायऱ्यांना सारखी जागा देतात, त्यामुळे परिच्छेद दिसायला पूर्ण आणि आतून पोकळ होतो. सहा महिन्यांनी तोच साचा तसाच असेल, तर तपासणाऱ्याला तिसऱ्या परिच्छेदापर्यंत जांभई येते.

परांची

तो दोष मान्य आहे. मी आता असे करतो, की चौथ्या पायरीला निदान दोन वाक्ये लागतीलच असा नियम ठेवतो, आणि दुसरे वाक्य 'किंवा' या शब्दाने सुरू करायला सांगतो. 'काच पुसणे ही आठवण जपण्याची रीत आहे. किंवा ही केवळ सवय आहे, जिच्यामागची आठवण कधीच पुसली गेली.' 'किंवा' लिहिले, की साचा स्वतःच मोडतो. पुढे ज्याला तो शब्द न सांगता सुचू लागतो, त्याच्या हातून साचा मी काढून घेतो. सर्वांच्या हातून एकाच दिवशी काढून घेत नाही.

व्यंजना

'किंवा' मी उद्यापासून उचलते आहे.

लाल पेन

चर्चा लिहिणाऱ्याकडून तपासणाऱ्याकडे वळवतो, कारण मूळ प्रश्नात दर आठवड्याला प्रत्येक निबंध तपासून, टिपा लिहून गुण दिल्याचे लिहिले आहे. इतके कष्ट करून उपयोग होत नसेल, तर त्याचे एक कारण त्या गुणांतच असू शकते. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत पुष्कळ उद्धृत केला जातो. त्यात काही विद्यार्थ्यांना फक्त गुण, काहींना फक्त शेरे आणि काहींना दोन्ही दिले गेले. फक्त शेरे मिळालेल्यांची कामगिरी आणि रस टिकला, आणि ज्यांना गुण व शेरे दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्यांचा फायदा झालेला दिसला नाही. वर्गात हे रोज दिसते : मूल आधी आकडा पाहते, मग शेजाऱ्याचा आकडा पाहते आणि कागद दप्तरात जातो.

सरावाच्या निबंधांना मी आकडा देणे थांबवले आहे. त्याऐवजी पूर्ण निबंध वाचतो, पण खूण एकाच परिच्छेदावर करतो, आणि त्या परिच्छेदाबद्दल एकच प्रश्न लिहितो. दुसऱ्या दिवशी वर्गात बारा मिनिटे देऊन तो परिच्छेद पुन्हा लिहायला लावतो. पुनर्लेखन वर्गातच व्हावे, हे महत्त्वाचे आहे. घरी दिले, की ते होत नाही किंवा दुसरेच कोणी करते. माझे तपासण्याचे काम यामुळे निम्म्याहून कमी झाले, आणि हा स्वार्थही मी लपवत नाही.

प्रश्न कसा असावा, याचे उदाहरण वरच्याच परिच्छेदावर देतो. 'अधिक सखोल विवेचन करा' असा शेरा मी पूर्वी लिहीत असे. मुलाला सखोल विवेचन करता येत असते तर त्याने आधीच केले असते. आता मी लिहीन : 'आई काच पुसते, मग किल्ली का देत नसेल?' हा प्रश्न वाचून ती मुलगी कवितेकडे परत जाईल. 'सखोल' हा शब्द वाचून ती फक्त माझ्याकडे पाहील.

शेवटचा बाक

शिकवलेल्या पुस्तकावरचा निबंध असेल आणि पुस्तक जवळ ठेवता येत नसेल, तर अवतरणे पाठ करावी लागतात. त्याचे काय करावे? मी रात्री वाचून जातो आणि सकाळी निम्मी विसरलेलो असतो.

लाल पेन

लांब अवतरणे पाठ करू नका. तीन-चार शब्दांचा तुकडा पुरतो, आणि तो तुमच्या वाक्यात सहज बसतो. 'आई "किल्ली मात्र" देत नाही' एवढ्यात काम होते. संपूर्ण ओळ उतरवली, की ती कवितेची ओळ राहते, तुमचा आधार होत नाही.

पाठ करण्याबद्दल सांगायचे, तर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणे अधिक टिकते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारल्यावर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने विचारल्यावर आठवून पाहणारे पुढे गेले. तुमची फसगत याचमुळे होते. रात्री वाचून संपवल्यावर सगळे येते असे वाटते, कारण तेव्हा पाचच मिनिटे झालेली असतात. प्रत्येक तुकड्याशेजारी त्यातला कोणता शब्द काम करतो तेही लिहून ठेवा, आणि आठवताना तो शब्दही आठवा. नुसते अवतरण आठवले, की ते कुठेतरी बसवण्याचा मोह होतो आणि ते नको तिथे बसते.

परांची

एक छोटी भर घालतो. जी मुले हाताने सावकाश लिहितात त्यांना वरचे सगळे सांगूनही गुण कमी पडतात, आणि आपण ते विचारांची कमतरता समजतो. अशा मुलाला तीन परिच्छेदांऐवजी दोनच नीट लिहायला सांगावे. लांबी म्हणजे गुण ही समजूत आपणच पुरवण्या मोजून पसरवली आहे.

समासटीप

सहा आठवड्यांनी परत येत आहे. सर्वांचे आभार मानून जे घडले ते लिहितो, त्यात जे फसले तेही लिहितो.

पहिले चार आठवडे पूर्ण निबंध घेतला नाही. पालकांपैकी काहींनी विचारणा केली, कारण घरी येणाऱ्या कागदावर एकच वाक्य आणि त्याखाली माझा एक प्रश्न असे, आणि आकडा कुठेच नसे. पहिल्या आठवड्यातली विधाने निराशाजनक होती. दुसऱ्या आठवड्यात मी ती फळ्यावर नावे न घालता लिहिली आणि 'हे वाक्य कोणत्या कवितेवर आहे ते ओळखा' असे विचारले. वर्गाला बहुतेक वाक्यांची कविता ओळखता आली नाही आणि हशा पिकला. त्या हशाने जे काम केले ते माझ्या व्याख्यानाने झाले नसते. तिसऱ्या आठवड्यापासून वाक्ये ओळखू येऊ लागली.

फसले ते असे, की पाचव्या आठवड्यात पूर्ण निबंधाकडे परतलो, तेव्हा काही मुले दहा मिनिटांचे वाचन पंधरा-सतरा मिनिटांवर नेऊ लागली. विधान उत्तम आणि निबंध अर्धा, अशी नवीच तक्रार उभी राहिली. आता दहाव्या मिनिटाला मी काही न बोलता फळ्यावर एक रेघ ओढतो. परीक्षेत ती रेघ कोणी ओढणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून पुढच्या आठवड्यापासून ती त्यांनीच आपल्या कागदावर वेळ लिहून ओढायची आहे. 'किंवा' चा काही जणांनी अतिरेक केला. एका निबंधात तो शब्द अकरा वेळा आला आणि शेवटपर्यंत लेखकाचे मत काय ते कळले नाही.

ज्या मुलीचा परिच्छेद मी वर दिला होता, तिचा ताजा निबंध समोर आहे. कविता वेगळी होती. तिने कच्चे विधान लिहिले, खाली सहा ओळी सोडल्या, तीन परिच्छेद लिहिले आणि तिसऱ्याच्या मध्यावर तिला एक चांगले वाक्य सुचले, ते मलाही न सुचलेले होते. सोडलेल्या सहा ओळींत ते पुन्हा लिहिण्याइतका वेळ बहुधा उरला नव्हता. तिने पहिल्या दोन ओळींवर एक आडवी रेघ मारली, ते वाक्य चौकटीत घेतले आणि समासातून वर नेणारा एक लांब बाण काढून शेजारी लिहिले, 'हे वाक्य येथे वाचावे.'

मी ते तसेच वाचले. पण अनोळखी परीक्षक तसे वाचेल का, हे जुनी पुरवणी यांना विचारायचे आहे, कारण पुढच्या वेळी तिला हे करू द्यावे की नाही ते मला ठरवता येत नाही.

जुनी पुरवणी

सगळ्या परीक्षकांच्या वतीने मला बोलता येणार नाही; माझ्यापुरते सांगायचे तर बाण स्पष्ट असेल तर मी त्याच क्रमाने वाचतो. फक्त त्याचे टोक दोन ओळींच्या नेमके मध्ये येऊ द्या, चौकटीतली अक्षरे बाणाच्या रेघेखाली जाऊ देऊ नका, आणि मूळ ठिकाणचे वाक्य खोडू नका. मुले घाईत तिथेही काट मारतात, आणि मग ते वाक्य धड खालीही राहत नाही आणि वरही पोचत नाही.